देव न मानणाऱ्याचं गाऱ्हाणं

चाळीस वर्षं मी आमच्या गावाच्या वतीनं देवाशी बोललो. त्यातली एकुणचाळीस वर्षं देव आहे असं मला वाटत नव्हतं. पहिल्या वर्षाचं नक्की सांगता येत नाही, कारण त्या वर्षी मी नुसता घाबरलेला होतो.

मी झिलू. आमचं गाव जोयडा तालुक्यात, कॅसलरॉकच्या अलीकडं, रानाच्या पोटात. बारा घरं. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची अकरा घरं म्हणतील, आमची अब्रू काढायला तुला कुणी सांगितलं होतं?

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. देवराईत आमचा क्षेत्रपाळ आहे. मूर्ती नाही, नाक-डोळे नाहीत, कमरेएवढा उभा दगड. वर्षातून तीनदा, पेरणीआधी, नवं भात घरात आलं की, आणि शिमग्याला, सगळं गाव त्याच्यासमोर जमतं. एक माणूस हातात नारळ घेऊन पुढं उभा राहतो आणि गावाच्या अडचणी देवाला मोठ्यानं सांगतो. कुणाची म्हैस गाभण आहे, कुणाची पोरगी द्यायची आहे, कोण गोव्याला कामाला गेलाय आणि फोन करत नाही. आधी चारी दिशांच्या शिवांची, म्हणजे गावाच्या हद्दींची, नावं घ्यायची, ओढे, खडक, वाटा, एकही चुकवायचं नाही. प्रत्येक वाक्य संपलं की मागची माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा बोलणारा माणूस म्हणजे मी.

माझी निवड भक्तीवरून झाली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. आधीचा बोलणारा म्हातारा झाला, दात गेले, आणि त्याचं गाऱ्हाणं देवाला काय, पहिल्या रांगेलाही कळेना. तेव्हाचा गावकार, म्हणजे आमच्या बारा घरांचा मुख्य, नवा माणूस शोधत होता. त्यानं मला शेतातल्या माळ्यावरून रानडुकरं हाकलताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला. म्हणाला, "झिलू, तुझ्या आरडण्यानं डुकरं शिवेपार गेली. उद्यापास्नं देवाशी तूच बोल." माझी लायकी ही एवढी.

आणि देव माझ्या मनातून गेला तोही असाच, काही न घडता. लोकांच्या नास्तिक होण्याला चांगली कारणं असतात. कुणाचं माणूस जातं, कुणी जाड पुस्तक वाचतं. मी सातवी शिकलेला, तीही आमच्या गावच्या शाळेत, जिथं एकच मास्तर सातही वर्गांना एकदम शिकवायचे आणि मधेच स्वतःची गाय बघून यायचे. पुस्तक कुठलं वाचणार? मी गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होतो. वाकलो, रोपं रोवली, पुन्हा वाकलो, आणि मनात आलं, वर कुणी नाही. बस्स. वीज नाही चमकली, काही नाही. मी जरा सरळ उभा राहिलो, कमरेला हात लावला, इकडं तिकडं बघितलं. मग उरलेलं शेत लावून टाकलं, कारण रोपं उपटून ठेवलेली होती.

घरी येऊन देवकीला, म्हणजे माझ्या मालकिणीला, सांगितलं. "मला वाटतंय, देव न्हाई."

ती चुलीपाशी होती. म्हणाली, "बरं. मग भात वाढू का थांबू?"

"वाढ की."

"आणि नव्याच्या गाऱ्हाण्याला जाणार हाय न्हवं?"

मी गेलो. पुढं एकुणचाळीस वर्षं जात राहिलो. मनाला समजावलं की मी पोस्टमन आहे. पोस्टमन पत्र पोचवतो, त्या पत्त्यावर कुणी राहतं की नाही ही त्याची चिंता नाही. हे कुणाला सांगितलं असतं तर विद्वान वाटलो असतो. खरं सांगू? मला ते काम फार आवडायचं. सगळं गाव मागं उभं, पुढं झाडांची कमान, माझा आवाज रानात जाऊन परत येतोय. नंतर जेवणाचं पहिलं पान मला. भाताच्या शेजारी कंदाची भाजी, तीही वाटीभर जास्त. असं पान सोडून खरं बोलणारा माणूस मोठा असतो. मी बारीक आहे.

'नास्तिक' हा शब्द मला फार उशिरा कळला, त्याचीही गंमत ऐका. सात-आठ वर्षांमागं मी जोयड्याला तालुका आफीसात उताऱ्यासाठी गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले. समोरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, चहा आणि उप्पीट फुकट, म्हणून आत बसलो. धारवाडकडचे एक सर अंधश्रद्धेवर बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "इथं गाऱ्हाणं घालणारे कोणी आहेत का?" ओळखीच्या दोघांनी मला बोटं दाखवून उभं केलं. मग सरांनी माझ्याकडं हात करून पाऊण तास सांगितलं की असल्या भोळ्या माणसांमुळं समाज कसा मागं राहतो, आणि नास्तिक माणूस कसा निर्भय असतो. तेव्हा मला समजलं की त्या हॉलमध्ये सरांच्या नंतर नास्तिक असा मीच. उठून सांगावं असं फार वाटलं. पण हातात उप्पीटाची बशी होती, दुसऱ्यांदा घेतलेली. मी मान खाली घातली आणि भोळा दिसत राहिलो.

आमच्या गावात माझं गुपित देवकीशिवाय आणखी एका माणसाला ठाऊक होतं. तो म्हणजे इनास. इनास किरिस्ताव. त्याचा आजा रेल्वेच्या कामावर गोव्यातून कॅसलरॉकला आला आणि आमच्या पश्चिमेच्या शिवेवर घर बांधून राहिला. इनासनंही आयुष्यभर रुळावर काम केलं, आता पेन्शन खातो. रविवारी इगर्जीत जातो, आणि आमच्या गाऱ्हाण्याला दर वेळी त्याच्या घरची एक मेणबत्ती दगडापाशी लागते. गवळ्यांच्या वस्तीवरून लोणी येतं, इनासच्या घरून मेणबत्ती. हे कधी सुरू झालं ते कुणाला ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही.

त्याला मी एकदा बोलून गेलो होतो. तो नुसता हसला. म्हणाला, "झिल्या, बरंच आसा. मानणारो मनुष्य गाऱ्हाण्यात जांभया देता. तू मानिना, तरी घाम गाळता."

तर गेल्या वर्षी नव्या भाताच्या आधी महिनाभर, हा इनास सकाळी सकाळी माझ्या अंगणात आला. चेहरा उतरलेला. हृदयाच्या तीन नळ्या बंद झाल्यात, बेळगावला छाती उघडायची ठरलंय म्हणाला.

"झिल्या, माका भंय दिसता."

"अरे, हल्ली रोज करतात म्हणं. टीव्ही दुरुस्त केल्यागत."

"पाद्रीनं प्रार्थना केली. बायलेनं मेणबत्त्या लावल्या. आता तू गाऱ्हाणं घाल."

मी वाटेकडं बघितलं, माणसं जात होती. आवाज खाली केला. "इनास, तुला माझं ठाऊक हाय. मी घातल्यानं काय व्हतंय?"

"ठाऊक आसा. तरी घाल. नोकरीक लागलों तेव्हा गाऱ्हाणं घातलं, लगीन झालं तेव्हा घातलं, सून आली तेव्हा तूच घातलंस. आता छाती फोडायला चाललों आणि गाऱ्हाण्याबिगर जाऊं? पाय उचलणार न्हाय माझा."

आता मला अडचण कळली. गावातल्या बाकीच्यांसाठी गाऱ्हाणं घालणं सोपं. त्यांना वाटतं माझ्या आत काहीतरी आहे. हा एकटा असा, ज्याला ठाऊक आहे की आत काही नाही, आणि तरी तोच मागतोय. भरलेलं भांडं समजून कुणी रिकामं भांडं मागितलं तर देता येतं. रिकामं आहे हे बघून मागणाऱ्याला काय द्यायचं?

तरी रविवारी गाव जमवलं. नारळ घेतला, उभा राहिलो. चारी शिवा घेतल्या, एकही चुकवली नाही. "बा क्षेत्रपाळा, बारा घरांच्या राखणदारा, आज तुझी लेकरं तुझ्या पुढ्यात उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

पद्धत अशी की ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, तो बाजूला उभा राहतो, आणि त्याचा नवस मी बोलायचा. इनासनं मला नवस आधीच सांगून ठेवला होता, दिव्याला एक डबा तेल. मी म्हणालो, "हा इनास..." आणि त्याच्याकडं नजर गेली. तो माझ्याकडं बघत होता. दगडाकडं नाही, माझ्याकडं. लहान मूल सुई मारणाऱ्या डॉक्टरकडं बघतं तसा. आणि माझा आवाज बंद झाला. चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं.

मागची माणसं वाट बघून कंटाळली आणि सवयीनं म्हणाली, "व्हय म्हाराजा!" कशाला व्हय म्हणाली, त्यांनाच ठाऊक.

मी पुन्हा सुरू केलं. "हा इनास. भित्रा हाय. चांगला हाय. ह्याला परत आण. परत आणलास तर..." आता गाऱ्हाण्यात 'तर' म्हटलं की पुढं काहीतरी द्यावं लागतं, ते वाक्य लोंबकळत ठेवता येत नाही. तेलाचा डबा डोक्यातून पार गेला होता. आणि माझ्याच तोंडातून माझ्याच कानांनी ऐकलं, "तर मी, झिलू, ह्या सगळ्यांच्या पुढ्यात खरं काय ते सांगीन!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

बघा माझी अक्कल. जो नाही असं मी मानतो, त्याला मी नवस बोललो होतो, आणि तो नाही असं मी मानतो हे लोकांना सांगण्याचाच! जोयडा तालुक्यात एवढा मोठा गाढव शोधून सापडणार नाही.

इनास बेळगावला गेला. गावाला त्याच्यापेक्षा माझ्या नवसाचीच काळजी लागली. आत्ताचा गावकार विनायक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, रोज वाटेत धरायचा. "झिलूअण्णा, खरं म्हंजे कसलं खरं? जमिनीचं हाय का?" पलीकडच्या घरातल्या गिरजाक्कानं तर ठरवूनच टाकलं की रामनगरला माझी दुसरी बायको आहे. देवकीला हे कळल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला ते हसणं जरा जास्तच वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र मी वेगळाच होऊन बसलो. गावातल्या लोकांनी हात जोडले आणि कामाला लागले. हात जोडायला त्यांना कुणीतरी होतं. मला फक्त मोबाईल होता, आणि त्याला रेंज नव्हती. शेतावरच्या खडकावर चढलं की दोन काड्या मिळतात. त्या दिवशी मी त्या खडकावर सहा वेळा चढलो. सहाव्या वेळी इनासच्या लेकानं उचलला. "काका, झालं. बरे आहेत. नळ्या बदलल्या."

मी खडकावरच बसलो. डोळ्यांत पाणी आलं. देवकीला हाक मारून सांगितलं, तिनं तिथूनच देवराईकडं हात जोडले. मग पाण्यातून नीट दिसायला लागलं तसा नवस आठवला.

खरं सांगितलं तर गाऱ्हाणं गेलं. देव न मानणाऱ्याला कोण पुढं उभं करेल? आणि आयुष्यात मला चांगलं येणारं काम ते एकच. भात मी बरा पिकवतो, त्यात काय विशेष! नाही सांगितलं तर नवस मोडला. तर मोडला, मी कुठं मानतो? पण मग रात्रंदिवस ते टोचतंय का?

नात मयूरी दांडेलीला कॉलेजात शिकते, सुट्टीला आली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं वकिलासारखा विचार केला.

"आज्जा, तू 'खरं काय ते' म्हणालास. कुठलं खरं ते म्हणाला नाहीस."

"मग?"

"दुसरं कुठलंतरी बारकं खरं सांग. तुझी खोटी काय कमी आहेत?"

पोरगी हुशार आहे. बसून आठवलं तर बारकी खरी ढीगभर निघाली. त्यातलं एक बेतशीर होतं. वीस-बावीस वर्षांमागं विनायकाचा लाल कोंबडा नाहीसा झाला होता. गावानं तो बिबट्याच्या नावावर घातला. फॉरेस्टचा गार्ड पंजाचे ठसे बघायला आला आणि त्याला ते सापडलेही, ह्याचं मला आजपर्यंत नवल वाटतं. कारण तो कोंबडा मी आणि इनासनं मिळून खाल्ला होता. ठरलं. कोंबडा कबूल करायचा, लोक हसतील, विनायक चार शिव्या घालेल, नवस फिटेल, गाऱ्हाणं राहील.

नव्याच्या दिवशी देवराईत एवढी माणसं मी शिमग्यालाही बघितली नव्हती. रामनगरला, गणेशगुडीला कामाला असलेलेही आले होते. झिलू खरं सांगणार म्हणून! इनास प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गळ्याला मफलर, निम्मा झालेला. शिवा घेतल्या, नवं भात वाहिलं, आणि मी म्हणालो, "बा देवा, इनासला परत आणलास, आता माझा नवस..." कोंबडा अगदी जिभेवर होता. तेवढ्यात इनास खुर्चीचा हात धरून उठला. त्यानं छातीवर क्रूस काढला, मग दगडाला हात जोडले, आणि मग माझ्याकडं बघून मान हलवली. एवढीशी. बोल म्हणून.

"बा देवा," मी म्हणालो, "तू हाईस असं मला वाटत न्हाई. चाळीस वर्सं हितं उभा राहून वाटलं न्हाई."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका सुरात.

कुणाला काही कळलंच नव्हतं. मग एकेकाच्या तोंडावर ते उगवायला लागलं. कुणीतरी "आँ?" म्हणालं. मग इतकं शांत झालं की मला सहन होईना, आणि त्या घाबरगुंडीत मी दुसरंही बोलून टाकलं. "आणि विनायकाचा लाल कोंबडाही मीच खाल्ला!"

विनायक दोन पावलं पुढं आला. "कुठला लाल? तुऱ्याचा?"

"व्हय."

"अरे देवा! त्याच्यासाठी मी गार्डला दोन दिवस जेवायला घातलं रे! घरचं तूप घातलं!"

"विनायका," गिरजाक्का म्हणाली, "ते आधी देव न्हाई म्हणालंय, ते ऐकलास का?"

"देवाचं बघू मागनं! एकट्यानं खाल्लास?"

इनास मफलर सारखा करू लागला.

मग खरी चर्चा सुरू झाली. विनायकाचा थोरला सूरज जीप चालवतो, जोयडा ते कॅसलरॉक. भाविक पोरगा. जीपच्या काचेवर इतके देव चिकटवलेत की त्याला रस्ता कुठून दिसतो हे देवच जाणे. तो तापला होता. "काका, चाळीस वर्सं फसवलासा आमाला!"

"मग माझ्या म्हशीसाठी घातलेलं पोचलं का न्हाई?" गिरजाक्कानं विचारलं.

"म्हस व्याली न्हवं?"

"व्याली की. रेडकू झालं."

"मग पोचलं म्हणायचं."

"पण हे मानत न्हाई, मग पोचवलं कुणी?"

शेवटी विनायकानं हात वर केला. "आपण कोण ठरवणार? देवालाच विचारूया. झिलूला ठेवायचा का काढायचा, कौल लावा."

कौल म्हणजे, फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या दगडाला चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रश्न सांगायचा. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. पण प्रश्न देवाला सांगणार कोण? गाऱ्हाण्याचे शब्द येणारा माणूस गावात एकच. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्यावरचा खटला, आणि वकील मीच. तोही अशा न्यायाधीशापुढं, ज्याला मी नुकताच भर सभेत नाही म्हणून आलो होतो.

तरी उभा राहिलो. चांगला सूर लावला, उगीच का खोटं बोलू, नेहमीपेक्षाही चांगला लावला. "बा क्षेत्रपाळा, हा झिलू तुला मानत न्हाई. तरी तुझ्या पुढ्यात उभा राहावा, असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे."

"व्हय म्हाराजा!"

मग वाट बघणं. मी त्या उजव्या पाकळीकडं असा बघत होतो, की तसं कधी नवरी म्हणून देवकीकडंही बघितलं नव्हतं. ओठ हलत होते. काय पुटपुटत होतो ते सांगत नाही. मयूरीनं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. पाव तास गेला असेल. पाकळी हलली.

डावी पडली.

सूरजचंही तोंड उतरलं, आता नारळ कुणाच्या हातात येणार ते त्याला तेव्हाच कळलं असावं. विनायक म्हणाला, "बरं तर. देवाचा शब्द." मी नारळ दगडापाशी ठेवला आणि बाजूला झालो. जेवणाला बसलो नाही. कंदाची भाजी होती, तरी नाही.

घरी येऊन पडवीत बसलो. देवकीनं आणलेलं पान बाजूला सारलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय झालं?"

"काढलं मला. चाळीस वर्सं घसा फाडला, आणि एका पाकळीत काढलं. काय चुकलं माझं?"

"कुणी काढलं?"

"त्यानंच की!" मी देवराईकडं हात केला.

देवकी म्हणाली, "अवो, जो न्हाईच, त्याच्यावर रुसून उपाशी बसलासा?"

भात ओढून घेतला आणि जेवलो. पण राग चार दिवस गेला नाही. मानणारी माणसं देवावर रागावतात, ती भांडून मोकळी होतात. माझी पंचाईत अशी की भांडायला गेलं तर तो आहे म्हणावं लागेल.

गाऱ्हाणं कुणाकडं द्यायचं ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं, सूरज. मनापासून मानणारा, आवाजही बरा. शिकवणार कोण? मीच. आठवड्यातून दोनदा जीप घेऊन अंगणात यायचा. मोबाईलवर माझं बोलणं भरून घ्यायचा आणि कॅसलरॉकच्या वाटेवर गाडीत लावायचा. गोव्याला निघालेल्या पाहुण्यांना वाटायचं, कसलं तरी लोकसंगीत आहे. पण पोराला एक खोड. मानतो इतका, की देवाचं नाव घेतलं की ह्याचा गळाच भरून येतो, आणि पुढचं आठवत नाही. मी म्हणायचो, "सूरजा, रड नंतर. आधी शिवा घे."

शिमगा आला. पहिल्यांदाच मी मागं, माणसांत उभा राहिलो, इनासच्या शेजारी. सूरजनं धोतर नेसलं होतं, हातात नारळ होता. त्यानं सुरुवात केली, आणि मी कान देऊन ऐकायला लागलो. पण ऐकू येईना. का, तर माझ्या आजूबाजूला सगळं गाव बोलत होतं. गिरजाक्का शेजारणीला विचारत होती की आज रेल्वेनं मासळी आली का. दोघं जण दांडेलीच्या रस्त्यावरचा खड्डा मोजत होते. विनायक, गावकार, स्वतः, नव्या सिमकार्डाला रेंज कशी येते ते सांगत होता. आणि मजा म्हणजे, वाक्य संपलं की सगळे बोलणं तोडून बरोबर जागेवर "व्हय म्हाराजा!" म्हणायचे आणि मासळीवर परत यायचे.

मी विनायकाच्या बरगडीत कोपर मारलं. "अरे, तुमी ऐकत न्हाई?"

"ऐकायचं कशाला?" तो म्हणाला. "ते देवासाठी असतंय."

"मी घालत होतो तेव्हा?"

"तेव्हाबी असंच. तू जरा लांबवायचास, म्हणून कोंबडीपालन सगळं हितंच शिकलो मी."

चाळीस वर्षं! शब्दाला शब्द जोडला, श्वास कुठं घ्यायचा त्याचा विचार केला, आणि मागं कोंबडीपालन चाललं होतं. एवढ्या माणसांत ज्यानं कदाचित ऐकलं असेल असा एकच उरतो, आणि तो नाही असं मी जाहीर करून बसलेला.

तेवढ्यात सूरज अडला. उत्तर झाली, दक्षिण झाली, पूर्वेच्या शिवेवरचा ओढा आठवेना. गळा भरला, मान खाली. गाव बोलता बोलता थांबलं. सूरजनं हळूच मागं वळून माझ्याकडं बघितलं.

मी झाडांकडं बघायला लागलो.

इनासनं माझी बाही ओढली. "सांग रे त्याला."

"मी कसा सांगू? देवानं काढलंय मला."

"कोणी?"

"देवानं. कौलात. सगळ्यांसमोर."

इनास माझ्या कानाशी आला. "झिल्या, तू मानिना न्हय? मग काढलो कोणी तुका?"

बघा, कसा कोपऱ्यात गाठला किरिस्तावानं! गप्प राहिलो तर देवाचा हुकूम पाळणारा मी ह्या जमावातला सगळ्यात मोठा भक्त ठरत होतो. तोंड उघडलं तर नास्तिकपणा राहत होता, पण देवासमोर पुन्हा बोलणं होत होतं. पुढं सूरज नारळ धरून अजून माझ्याकडंच बघत होता.

"केगदीचा ओढा," मी म्हणालो.

"केगदीचा ओढा!" सूरज ओरडला आणि पुढं निघाला. पश्चिमेची शिव त्यानं न चुकता घेतली, इनासच्या घरासकट. विनायक कोंबड्यांच्या लसीबद्दल काही सांगायला माझ्याकडं झुकला होता. त्याला मी हातानं गप्प केलं, कारण मला ऐकायचं होतं.